नदीत नको म्हणालात, आण्णा

आण्णा, आधी माफी मागतो. तुमच्याविषयी लिहायचा अधिकार माझा नाही. मी तुमचा मुलगा नाही, पुतण्या नाही, तुमच्या तालमीकडून कधी फुटबॉलही खेळलो नाही. शिवाजी पेठेतल्या तुमच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा कॉलेजचा पोरगा, एवढीच माझी ओळख. लिहिणाऱ्यांच्या घरातलाही मी नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिला मीच. वडील सही करतात तीही थांबून थांबून. तेव्हा काही चुकलं, जास्त बोललो, तर तुम्ही जिन्यातून ओरडायचात तसं ओरडा, असं लिहिणार होतो. मग लक्षात आलं की आता ते व्हायचं नाही.

तुम्हाला जाऊन आज दहावा दिवस. मी गावी आहे, हातकणंगल्याजवळच्या आमच्या वस्तीवर. तिकडे कोल्हापुरात तुमचा मुलगा सुहासदादा, तुमचे थोरले भाऊ आबा आणि बाकीची माणसं सकाळीच घाटावर गेली असतील. तुमची राख आज नदीत सोडायची असं ठरलं आहे. तुम्ही नको म्हणाला होता. मी ते सांगितलं आणि ते कुणाला पटलं नाही. फोन पुढ्यात ठेवून बसलोय. कुणी मला फोन करेल असंही काही नाही. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहितोय.

आपली पहिली भेट आठवते का? मी खोलीत राहायला आलो त्या सकाळी नळाखाली बादली लावून दात घासत उभा होतो. बादली भरली होती आणि पाणी मोरीतून वाहत होतं. आमच्या विहिरीवर मोटर सुरू झाली की पाणी वाहतच असतं, त्याकडे बघायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जिन्यातून तुमचा आवाज आला.

"ओ पावणं! वर धरण फुटलंय काय?"

मी तोंडात फेस घेऊन दारात आलो.

"माझ्याकडं काय बघालाईस? नळ बंद कर की, खुळ्या!"

मी नळ बंद केला. तुम्ही वर आलात, बादलीतलं थोडं पाणी तांब्यानं काढून गॅलरीतल्या कुंडीत ओतलंत आणि विचारलंत, "काय शिकतोस?"

"बी.एस्सी. पहिलं वर्ष."

"मग काय हरकत न्हाय. अजून टाइम हाय. शिकशील."

त्या दिवसापासून तुम्ही मला प्रोफेसर म्हणायला लागलात. सुरुवातीला मला ते टोचायचं. आमच्यात कुणी शिकायला लागलं की भावकीतली माणसं असंच काहीतरी म्हणतात आणि त्यात मायेपेक्षा दुसरंच काही असतं. तुमच्या बोलण्यात ते नव्हतं हे कळायला मला वेळ लागला.

तुमच्या घरात पाणी अर्धा पेला मिळायचं. आलेला माणूस नगरसेवक असो नाहीतर गॅसवाला, पेला अर्धाच. "लागलं तर आणि माग की, कोण न्हाय म्हणतंय?" पहिल्यांदा आई मला भेटायला आली, तेव्हा काकींनी तिच्यापुढं तसाच अर्धा पेला ठेवला. आईनं पेल्यात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि पेल्याला हात लावला नाही. स्टँडवर तिला सोडायला गेलो तर म्हणाली, "माणसं बरी न्हाईत रं ती. दारात आल्याल्या बाईला अर्धा पेला पाणी देत्यात? आमच्यात मागत्याला सुदीक तांब्या भरून देत्यात."

मी ते तुम्हाला सांगितलं. वाटलं, हसाल. तुम्ही हसला नाहीत. पुढच्या वेळी आई आली तेव्हा काकींना थांबवून तुम्ही स्वतः तांब्या काठोकाठ भरून आणलात आणि तिच्यापुढं धरून उभे राहिलात. आई थोडं प्याली. मग दोघंही उरलेल्या पाण्याकडं बघत राहिलात.

"आता ह्याचं काय करायचं, वैनी? तुमीच सांगा."

आईनं तांब्या उचलला, मागं परड्यात गेली आणि पाणी शेवग्याच्या बुडात ओतून आली. म्हणाली, "आमी बी पाणी टाकत न्हाई ओ दादा. म्हशीच्या घमेल्यात घालतो. पर पावण्याला कमी न्हाई देत."

"बरोबर हाय तुमचं," तुम्ही म्हणालात. तुम्ही कुणाला बरोबर म्हटलेलं मी फार वेळा ऐकलेलं नाही. त्यानंतरही अर्धा पेला चालूच राहिला, फक्त आईला सूट होती.

तुमच्या ह्या सगळ्या खोडी मी गावी रंगवून सांगायचो. शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेली कापडी पिशवी. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याच्या पाठीत बोट टोचून "बंद कर, बंद कर, लाल हाय अजून" म्हणणं. भेळवाल्याकडं घरचा डबा घेऊन जाणं आणि तो वैतागला की तुम्ही त्याच्यावरच वैतागणं. जिना उतरताना माझ्या खोलीत डोकावून रिकाम्या खोलीला शिव्या देत पंखा बंद करणं. वडील हसायचे. म्हणायचे, "रिटायर माणूस हाय. त्येला उद्योग पायजे." फौंड्रीत आयुष्यभर तापलेल्या लोखंडापुढं उभं राहिलेल्या माणसाला म्हातारपणी पंख्याचं बटण एवढं का लागतं, याचा विचार मीही केला नव्हता.

घाटावरची ती सकाळ मात्र मी गावी कधी सांगितली नाही. आज सांगायला लागेल, कारण सगळं त्याच्यावरच अडलं आहे.

सणाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकलला दोन्ही बाजूंनी पोती बांधून पंचगंगेच्या घाटावर जायचात. लोकांनी आणलेलं निर्माल्य पाण्यात पडायच्या आधी मागून घ्यायचं, फुलं एका पोत्यात, पिशव्या आणि तारा दुसऱ्यात. फुलं परड्यातल्या खड्ड्यात जायची. चिलटं होतात म्हणून काकी रोज भांडायच्या आणि त्याच खतावर भोपळी मिरच्या लावायच्या. तरुणपणी तुम्ही तालमीचे गोलकीपर होता, आणि पायरीवर तुम्ही अजूनही तसेच उभे असायचात, पाय फाकून, हात पसरून. त्या दिवशी मी बरोबर होतो. गाडीतून एक कुटुंब उतरलं. माणसाच्या हातात गाठ मारलेली भलीमोठी प्लॅस्टिकची पिशवी.

"पावणं, हिकडं द्या."

"देवाचं हाय ओ."

"मी काय भुताला न्यायलोय व्हय? द्या."

"नदीतच सोडायचं असतंय. आमच्यात तसंच हाय."

"मग फुलं सोडा. पिशवी पण देवानंच दिलीया काय?"

त्याची बायको म्हणाली, "द्या की ओ त्यांना, उशीर व्हायलाय." पण त्याला आता चारचौघांत माघार घ्यायची नव्हती. त्यानं पिशवी तुमच्या डोक्यावरून लांब फेकली आणि म्हणाला, "म्हातारबा, मेल्यावर तुमची राख तरी ह्यातच येणार हाय न्हवं? तवा कुणाला अडवणार?"

घाटावरची माणसं हसली. मला वाटलं, तुम्ही शिवी घालाल. तुम्ही अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "न्हाय येणार! माझी राख ह्यात पडणार न्हाय. परड्यात टाकतील, कुणाच्या उसात टाकतील, पर नदीत न्हाय. ह्यो पोरगा साक्षीला हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली.

परत येताना सायकल ढकलत तुम्ही विचारलंत, "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं."

"मग झालं."

घरी आल्यावर काकींनाही तेच सांगितलंत. त्या म्हणाल्या, "सकाळी सकाळी काय अभद्र बोलताय? चहा घ्या." विषय तिथंच संपला. तुम्ही ते लिहून ठेवलं नाहीत, पुन्हा कधी बोललाही नाहीत. एका अनोळखी माणसाच्या टोमण्याला दिलेलं उत्तर, एवढाच त्याला आधार आहे.

आमच्या वस्तीवर तुम्ही एकदाच आलात, आणि ते आठवलं की घरात आजही सगळे हसतात. उसाची तोड होऊन गेली होती आणि वडील पाचट पेटवायच्या तयारीत होते. तुम्ही चपला न काढताच रानात शिरलात.

"जाळू नका ओ. सरीत दाबा. कुजतंय ते."

"पावणं," वडील म्हणाले, "जाळलं न्हाई तर खोडव्याला किडा लागतोय, पाणी सरकत न्हाई, आन् उंदरं हुत्यात ती येगळीच. तुमी कधी ऊस लावलाय?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय, मी दाबतो की. बघूया."

वडिलांनी खुरपं तुमच्यापुढं टाकलं. तुम्ही अर्धी शर्यत जिंकल्यासारखे वाकलात. दुपारपर्यंत उसाच्या पात्यांनी तुमचे हात आणि मान अशी कापली होती की आईनं हळद लावताना तुम्ही लहान पोरासारखे ओरडत होता. काम म्हणाल तर एक सरीसुद्धा धड झाली नव्हती, आणि जी झाली होती ती उलटी, पाचट वरंब्यावर आणि सरी मोकळी. वडील पोट धरून हसले. पण संध्याकाळी रान पेटवताना त्यांनी तो तुकडा सोडला. पावण्यानं हात लावलेलं पावण्यादेखत कसं जाळायचं, म्हणून. उरलेल्या रानातला धूर तुमच्या अंगावर येत होता आणि तुम्ही न जळलेल्या तेवढ्या तुकड्याकडं बघून खूश होता. मला तुमचा राग आला होता, आण्णा. एवढा मोठा जाळ समोर असताना माणूस एवढ्याशा जागेकडं बघून खूश कसा होतो?

तोच राग पुढं बाहेर पडला.

शेवटच्या वर्षाला मला प्रकल्प नदीवरच मिळाला. वर्गातल्या पोरांबरोबर मी नाल्याच्या कडेनं चालत गेलो, जिथं तो नदीला मिळतो तिथपर्यंत. ते पाणी कुठून कुठून येतं ते नीट सांगण्याएवढं मला कळलं नाही, पण वास अंगातून जात नव्हता. घरी आलो तर तुम्ही परड्यात बसून हाराच्या दोऱ्यांतून फुलं सोडवत होता. एकेक झेंडू.

मी म्हणालो, "आण्णा, ह्यानं काही होत नाही."

"कशानं?"

"ह्या फुलांनी. अर्ध्या पेल्यानं. तुम्ही पोतंभर फुलं काढता, आणि तिकडं दिवसरात्र काळं पाणी येतंय. तुम्ही त्या माणसाशी पिशवीसाठी भांडलात. नाल्यासाठी कुणाशी भांडलाय कधी?"

"नाला माझ्या हातात हाय काय?"

"म्हणून जे हातात आहे त्याचंच कौतुक करायचं? हे सोपं आहे, आण्णा. साध्या माणसावर ओरडणं सोपं आहे. बादली सांडली म्हणून माझ्यावर ओरडलात. ज्यांच्यामुळे नदी मरते त्यांना बरंच आहे की, आपण एकमेकांच्या बादल्या बघत बसलोय."

तुमचे हात थांबले. तुम्ही म्हणालात, "मग मी काय करू? घरात बसू?"

"आमच्याबरोबर या. आम्ही निवेदन देणार आहोत. तुमच्यासारखा माणूस पुढं असला तर ऐकतील."

"निवेदनं लई बघितली," तुम्ही म्हणालात. मग आवाज बदलून, "प्रोफेसर, वरनं काय येतंय ते मला म्हाईत न्हाय असं वाटतंय व्हय तुला? आरं, मी फौंड्रीत असताना..."

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी मॅचला चला म्हणून हाक मारली. तुम्ही हात झटकले, उठलात आणि गेलात. फौंड्रीत असताना काय, ते राहिलं. मी विचारलं नाही, मला वाटलं उद्या सांगतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही घुश्शात होता आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी. नंतर बोलणं पुन्हा सुरू झालं, पण ते वाक्य मागंच राहिलं. निवेदन आम्ही दिलं. तुम्ही आला नाहीत. कार्यालयात आमच्याकडून ते घेतलं, पोच दिली आणि पुढं काहीच झालं नाही. तुम्ही मला "बघ, मी म्हणालो नव्हतो?" असं म्हणाला नाहीत, आणि मीही तुमच्या फुलांविषयी पुन्हा बोललो नाही. तेव्हा मी जे म्हणालो ते मला आजही खरं वाटतं. तुमच्या मरणानं ते खोटं होत नाही. पण तुमचं ऐकायचं राहून गेलं, आणि अर्धं ऐकून झालेल्या भांडणात आपण बरोबर होतो असं म्हणण्यात काही चव नाही.

होळीला तुम्ही नेहमीसारखे शेणी-गोवऱ्या गोळा करत पेठेत फिरलात. होळी लहान करा आणि वाचलेल्या शेणी स्मशानाला द्या, असं दारोदार सांगत. मंडळाची पोरं म्हणाली, "आण्णा, सोताची सोय करून ठेवालाय काय?"

"व्हय तर. तुमच्यावर सोडलं तर निम्माच जळीन मी."

पोरं किती हसली होती. मीही हसलो होतो. टेम्पोत शेणी रचायला मी तुमच्याबरोबर होतो.

मग तो दिवस. सकाळी तुमच्या छातीत दुखलं आणि दुपारी तुम्ही नव्हता. मी कॉलेजात होतो. पेठेत शिरलो तर तालमीपुढं माणसं उभी होती, आणि कुणी काही न सांगता मला कळलं. त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

रक्षाविसर्जनाला मी घरच्या माणसांच्या मागं उभा होतो. राख गोळा करून झाली. नदी तिथून चार पावलांवर. आबा म्हणाले, "चला, सोडून टाकूया," आणि सुहासदादानं कापडाचं गाठोडं उचललं. मला वाटलं काकींनी सांगितलं असेल, कुणीतरी बोलेल. दादा पाण्याकडं वळला.

मी म्हणालो, "दादा, आण्णा नदीत नको म्हणाले होते."

सगळे वळले. माझा आवाज माझा मलाच चोरट्यासारखा वाटला. घाटावरचं ते सगळं मी सांगितलं, नीट सांगता आलं नाही. आबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, आण्णा. त्यांचे डोळे तीन दिवस सुकलेले नव्हते.

"बाळ, तू परका. तुला मी बोलणार न्हाय," ते म्हणाले. "पर माझ्या भावाला मी सत्तर वर्षं वळखतो. राग आला की त्यो कायबी बोलायचा. एकदा मला म्हणालता, तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय. दुसऱ्या दिशी जेवाय आलता. आमचा बाप ह्याच नदीत गेला, आई ह्याच नदीत गेली. ह्येला एकट्याला बाहीर ठेवू?"

सुहासदादा पुण्याहून आल्यापासून कुणाशी धड बोलला नव्हता. तो म्हणाला, "लोक म्हणतील, बापाची राख खताच्या खड्ड्यात टाकली."

शेवटी घरी काकींना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "आज नको. दहाव्याला बघा." राख घरात आणत नाहीत म्हणून ते गाठोडं परड्यात शेवग्याच्या फांदीला बांधलं. माझ्या खिडकीतून ते दिसायचं. वारा आला की जरा हलायचं. मी खिडकी लावून घ्यायचो आणि पुन्हा उघडायचो. परवा आबा वर आले, खोलीत दोन मिनिटं बसले आणि म्हणाले, "नदीतच सोडायचं ठरलंय. तू मनाला लावून घेऊ नको. आन् त्या दिवशी घाटावर काय बोलू नको, माझ्या भैनी येणार हाईत." मी बरं म्हणालो. तिथं असलो तर बोलल्याशिवाय राहणार नाही हे मला माहीत होतं. काल पहाटेच्या गाडीनं गावी आलो.

आणि इथं बसून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. मीच म्हणालो होतो ना, पोतंभर फुलांनी काही होत नाही? मग एका गाठोड्यातल्या राखेनं त्या नदीचं काय बिघडणार आहे? नाला सगळा येतोय आणि मी एका माणसाच्या राखेवर अडून बसलोय. माझ्याच हिशेबानं पाहिलं तर आज घाटावर काही वाईट होत नाही. आबांना त्यांचा भाऊ आईबापाजवळ गेल्याचं समाधान मिळेल आणि नदीला कळणारही नाही. एवढं सगळं समजूनही माझं लक्ष सकाळपासून फोनवरच आहे. मी कुणाच्या बाजूनं भांडतोय, आण्णा? तुमच्या बाजूनं भांडायचं तर परड्यात मी जे बोललो ते मागं घ्यायला हवं, आणि ते मला घेता येत नाही.

वडिलांना विचारलं. ते गोठ्यात होते. म्हणाले, "त्येंनी सांगितलं हुतं न्हवं? मग त्येंचं ऐकायचं. नदीचं काय हुतंय न् काय न्हाई, त्यो इषय न्हवं." मग वैरण टाकता टाकता म्हणाले, "पर भावाचं बी खरं हाय."

तुम्ही मला काय दिलंत ते लिहायचं ठरवून बसलो होतो आणि ते राहूनच गेलं. शहरात मला नावानं नाही तरी हक्कानं हाक मारणारे तुम्ही एकटेच होता. परीक्षेच्या दिवसांत जिन्यात चपलांचा आवाज होऊ नये म्हणून तुम्ही अनवाणी चढायचात. माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला वडील यायला लाजले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही येऊन बसलात, आणि चहाचे कागदी कप बघून आयोजकांशी भांडलात. मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं होतं. आज ते पुन्हा एकदा व्हावं असं वाटतं, अगदी सगळ्या वर्गापुढं, त्याच मोठ्या आवाजात. खोलीत कुणी नसताना पंखा बंद करायला आता माझा हात आपोआप जातो. त्यानं जगाचं भलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण बटणावर बोट ठेवताना दर वेळी कुणीतरी आपल्याकडं लक्ष देऊन बघत होतं, असं वाटतं.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. सुहासदादा होता. मागं रस्त्याचा आवाज येत होता.

मी म्हणालो, "दादा, सोडली काय?"

"घाटावर गेलतो," तो म्हणाला. "विधी झाले सगळे. मग मी गाठोडं घेऊन पाण्यात उतरलो. आरं, पाणी काळं आलंय वरनं. फेस आलाय. मासं मेल्यात रे. सगळ्या पायऱ्यांवर मासं, पांढरी पोटं वर करून, बारीक बारीक सुद्धा. माणसं पोती घेऊन गोळा करालीत. वासानं आत्त्या मागं सरल्या. आबा म्हणालं, सोड. मी गुडघाभर पाण्यात उभा. एक मासा माझ्या पायाला लागून तसाच ऱ्हायला, हलंना. मला नाही जमलं."

"मग?"

"परत आणलंय. आबा रागावतील वाटलं. त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं आणि गाठोडं माझ्या हातातनं काढून घेतलं. घरापर्यंत त्यांनीच धरलंतं. कुणाला हात लावू दिला न्हाय."

एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

तुमची राख नदीत गेली नाही, आण्णा. ती तुमच्या सांगण्यानं वाचली नाही, माझ्या बोलण्यानंही नाही. दोन्ही बातम्या एकाच फोनवर आल्या आणि यातली कोणती तुम्हाला आधी सांगावी ते मला कळत नाही. दादानं सांगितली त्याच क्रमानं लिहितो. आधी मासे. मग तुम्ही.